पिनरमध्ये बिऱ्हाड मांडताना

आईला पहिल्यांदा इकडे आणलं तेव्हा दोन दिवस ती पुढच्या खोलीच्या खिडकीशी बसून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाली, "अगं, इथे माणसं राहतात ना नक्की?" दोन दिवसांत तिने अकरा माणसं मोजली होती, त्यात पोस्टमन दोनदा आला होता. आयुष्य डोंबिवलीत काढलेल्या बाईला, जिथे कुकरच्या शिट्टीवरून कुणाकडे आज डाळ आहे ते कळतं, ही गल्ली म्हणजे सुट्टी लागलेली शाळा वाटली.

तिचा प्रश्न मी हसण्यावारी नेला, पण नऊ वर्षांपूर्वी मलाही तोच पडला होता. वायव्य लंडनमधल्या पिनर, हॅच एंड, नॉर्थ हॅरो, ईस्टकोट या भागांत आता आपली बरीच मंडळी राहायला येतात. आधी वेम्ब्लीत किंवा हॅरोच्या मध्यावर एखादा फ्लॅट, मग मुलांची शाळा डोळ्यांसमोर आली की लंडनच्या ट्यूब रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइनवर दोनतीन स्टेशनं पुढे. घर मिळतं, बाग मिळते, आणि पहिल्या महिन्यातच जाणवतं की इथे काहीतरी नियम चालू आहेत जे आपल्याला कुणी सांगितलेले नाहीत. इथली शांतता आपोआप पडलेली नाही, लोकांनी ती राखलेली आहे. कशी राखतात ते कळलं की पिनर कळतं. म्हणून हे लिहितेय, ज्या क्रमाने तुम्हाला लागेल त्या क्रमाने.

पहिली पायरी: घर ठरवायच्या आधी तीनदा येऊन जा

एजंट घर दाखवतो शनिवारी सकाळी अकराला. तेव्हा ऊन असतं, हाय स्ट्रीटवर कॉफीची दुकानं भरलेली असतात, सगळं चित्रासारखं दिसतं. त्या भेटीला काही अर्थ नाही. एकदा कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला या आणि त्या घरापासून स्टेशनपर्यंत, लॅपटॉपची बॅग पाठीवर घेऊन, स्वतःच्या पायांनी चाला. जाहिरातीतली "दहा मिनिटं" कुणाच्या पायांची असतात देव जाणे. दुसऱ्यांदा रविवारी संध्याकाळी या. इंग्लंडमध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी दहा ते सहा या वेळेतले सहाच तास उघडं ठेवता येतं, म्हणजे पाच वाजता "जरा दूध आणते" म्हणून निघालात तर मोठं सुपरमार्केट बंद झालेलं असण्याचीच शक्यता जास्त. कोपऱ्यावरचं छोटं दुकान कुठे आहे ते त्याच फेरीत बघून ठेवा. तिसरी फेरी शक्य असेल तर नोव्हेंबरात, अंधार पडल्यावर. रस्त्यावरचे दिवे कसे आहेत, गल्लीत एकटीने चालताना कसं वाटतं, हे दुपारी कळत नाही.

गाडीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः फसलेय. पिनर पाचव्या झोनमध्ये आहे (मध्य लंडन पहिला झोन, तिथून बाहेर आकडा वाढत जातो) आणि मध्य लंडनमधल्या बेकर स्ट्रीटला पोचायला साधारण अर्धा तास लागतो. पण मेट्रोपॉलिटन लाइन म्हणजे आपल्या मध्य रेल्वेची चुलत बहीण, तिच्यावर स्लो आणि फास्ट असा भेद आहे. संध्याकाळच्या गर्दीत बाहेर जाणारी फास्ट गाडी हॅरो-ऑन-द-हिल सोडलं की थेट मूर पार्कला थांबते. नॉर्थ हॅरो, पिनर, नॉर्थवूड हिल्स, नॉर्थवूड ही मधली सगळी स्टेशनं खिडकीतून टाटा करत मागे जातात. पहिल्याच आठवड्यात मी "आली गाडी, चढा" या डोंबिवलीच्या संस्काराने चढले आणि मूर पार्कला उतरले. चारी बाजूंना झाडं, फलाटावर मी आणि एक गोल्फची बॅग घेतलेले गृहस्थ. तिथून उलट गाडी पकडून परत. तेव्हा डब्यावरच्या आणि फलाटावरच्या पाटीवर गंतव्य स्थानक वाचून थांबू नका, गाडी कुठे कुठे थांबणार तेही वाचा.

आणखी एक बारकावा, जो घर घेतल्यावर कळला तर फार महाग पडतो. एचए५ हा पोस्टकोड पिनरचा, हॅच एंडचा आणि ईस्टकोटचाही. पण पिनर आणि हॅच एंड हॅरो कौन्सिलमध्ये (कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका), तर ईस्टकोट हिलिंग्डनमध्ये. पत्ता एकसारखा दिसतो, पण कर वेगळा, कचऱ्याचे वार वेगळे, शाळेचा अर्ज ज्यांच्याकडे करायचा तेही वेगळे. घराचा पूर्ण पत्ता हातात आला की कौन्सिल कोणतं ते पहिलं तपासा.

हे गाव असं का दिसतं

हे वाचलं नाही तरी भाडं भरता येईल, पण वाचलंत तर रस्त्याने चालताना मजा येईल.

पिनर मुळात खेडं. चर्चला १३२१ साली दीक्षा मिळाली, हाय स्ट्रीटवर लाकडी तुळयांची, किंचित कललेली घरं अजून उभी आहेत. १८८५ मध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वे इथवर आली. त्या काळी बहुतेक रेल्वे कंपन्यांना रुळांसाठी घेतलेली पण न लागलेली जमीन विकून टाकावी लागे. मेट्रोपॉलिटनला मात्र ती राखून तिच्यावर घरं बांधायची मुभा होती, आणि कंपनीने ती पुरेपूर वापरली. १९१५ मध्ये तिच्या जाहिरात खात्याने या सगळ्या पट्ट्याला "मेट्रो-लँड" असं नाव दिलं आणि त्याच नावाची पुस्तिका १९३२ पर्यंत दरवर्षी काढली: शहरात नोकरी करा, शेताच्या कडेला राहा, आणि रोज आमच्याच गाडीने या-जा करा. १९१९ मध्ये घरं बांधण्यासाठी वेगळी कंपनीही निघाली. डोंबिवलीत स्टेशन आलं आणि त्याच्या आजूबाजूला माणसांनी जमेल तसं गाव वसवलं. इथे रेल्वेनेच स्वप्न छापलं, जमीन आखली आणि तिकिटासकट विकली. फरक तेवढाच, पण चालताना तो दर कोपऱ्यावर दिसतो.

तुम्ही राहायला याल ते घर बहुधा १९२० किंवा ३० च्या दशकातलं असेल. पुढे फुगीर खिडकी, वरच्या त्रिकोणी भिंतीवर काळ्या लाकडाच्या पट्ट्या ठोकून ट्यूडर काळाचा आव, दारात रंगीत काचेचं एखादं गलबत किंवा उगवता सूर्य. मला सुरुवातीला हे सगळं जरा खोटं वाटायचं, पुठ्ठ्याच्या किल्ल्यासारखं. आता नाही वाटत. कारकुनाच्या पगारात ज्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं दार विकत घेतलं, त्याला दारात गलबत हवंसं वाटलं तर काय बिघडलं?

मग १९३८ मध्ये लंडनभोवतीच्या हरित पट्ट्याचा कायदा झाला, पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं आणि बांधकाम थांबलं. म्हणून पिनर हिलच्या पलीकडे आजही एकदम शेतं लागतात, जणू कुणीतरी वाक्य अर्धवट सोडून उठून गेलंय.

दुसरी पायरी: कागदपत्रं, झटपट

भाड्याने घेत असाल तर अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही (वर्षाचं भाडं पन्नास हजार पौंडांच्या आत असेल तर), आणि घरमालकाने ती तीस दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करायची असते. त्याचा कागद मागून घ्या. घरात शिरताना प्रत्येक भिंतीचे, गालिच्याचे, ओव्हनच्या आतले फोटो काढा, त्या दिवशी ते वेडेपणाचं वाटलं तरी. कौन्सिल टॅक्स भाडेकरूच भरतो. तो ए ते एच अशा पट्ट्यांत असतो आणि गंमत म्हणजे घराची १ एप्रिल १९९१ ला जी किंमत झाली असती तिच्यावरून ठरतो. घरात एकच प्रौढ राहत असेल तर पंचवीस टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते. आल्या आल्या जवळच्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा, आजारी पडायची वाट बघू नका. तातडीला ९९९, रात्री-अपरात्री सल्ल्याला १११.

शाळेच्या तारखा फ्रिजवर चिकटवा. रिसेप्शनसाठी, म्हणजे प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गासाठी, १५ जानेवारी, माध्यमिकसाठी ३१ ऑक्टोबर. इथे देणग्या आणि ओळखी चालत नाहीत. कौन्सिलच्या बहुतेक शाळांत जागा कमी पडल्या की घरापासूनचं अंतर बोलतं. त्यासाठी लोक दोन गल्ल्या अलीकडे घर घेतात आणि मग वर्षभर त्याबद्दल बोलत राहतात.

तिसरी पायरी: भिंत कुणाची?

सेमी-डिटॅच्ड म्हणजे जोडघर. एक भिंत तुमची आणि शेजाऱ्याची सामाईक. हा शब्द घराच्या जाहिरातीत वाचलेला असतो, अर्थ मात्र पहिल्या सोमवारी सकाळी कळतो. मी साडेसहाला मिक्सरमध्ये ओलं खोबरं फिरवलं. त्याच भिंतीच्या पलीकडे शेजारच्या बाईंची उशी होती. त्या काहीच बोलल्या नाहीत. चार दिवसांनी गेटपाशी भेटल्या तेव्हा अगदी हसून म्हणाल्या, "तुम्ही खूप लवकर उठता वाटतं!" मला ते कौतुक वाटलं. मी म्हटलं, हो, सवयच आहे. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो, माझ्याआधी तीन वर्षं इथे काढलेला, कपाळाला हात लावून बसला. ती तक्रार होती.

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण इथे तक्रार अशीच येते: कौतुकाच्या, काळजीच्या किंवा हवामानाच्या वेशात. "तुमच्याकडे काल बरीच मंडळी होती" म्हणजे आवाज झाला. "तुमची झाडं यंदा जोरात आहेत" म्हणजे फांद्या आमच्याकडे आल्यात. चिडायचं नाही आणि सारवासारवही करायची नाही. "सॉरी, यापुढे बघते" एवढं म्हटलं की विषय संपतो, आणि खरोखरच संपतो, मनात राहत नाही. मिक्सर मी आता रात्री आठच्या आत फिरवते. कुकर मात्र सकाळीच लागतो, तो मी भिंतीपासून लांबच्या शेगडीवर ठेवते.

फोडणीच्या वासाचं फार मनावर घेऊ नका. शेजारी तुम्ही समजता तेवढे नाक मुरडत नाहीत. त्रास होतो तो तुमच्या घराला. ही घरं थंडीत सगळ्या खिडक्या बंद ठेवून राहायची, त्यात आपण रोज भात उकडतो, कणकेचे उंडे वाफवतो आणि ओले कपडे रेडिएटरवर टाकतो. ती सगळी वाफ उत्तरेकडच्या गार भिंतीवर जाऊन बसते आणि जानेवारीत कपाटामागे काळी बुरशी दिसते. एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा, सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा, आणि कपाट भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. घर स्वतःचं असेल आणि लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, खोली काढायची असेल तर सामाईक भिंतीला हात लावण्याआधी शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते, १९९६ चा कायदाच आहे. पण कागद देण्याच्या आदल्या दिवशी जाऊन तोंडी सांगा. कायदा कागद मागतो, शेजाऱ्याला आधी तोंडाने सांगितलेलं आवडतं.

चौथी पायरी: कचऱ्याची संध्याकाळ

मला विचाराल तर पिनरमध्ये मिसळून जायची परीक्षा इंग्रजी बोलण्यात नाही, कचऱ्यात आहे.

आठवड्यातला एक वार तुमच्या गल्लीचा असतो. आदल्या संध्याकाळी, साधारण सातनंतर, एक आवाज सुरू होतो: चाकं लावलेले मोठे प्लॅस्टिकचे डबे फरशीवरून घरंगळत रस्त्याकडे येण्याचा. आधी कोपऱ्यावरच्या निवृत्त गृहस्थांचा. ते या बाबतीत गल्लीचे पंचांग आहेत. त्यांचा डबा बाहेर आला की हा आठवडा कोणत्या रंगाच्या डब्याचा ते कळतं आणि मग एकेक करून बाकीची घरं उघडतात. पायांत सपाता, अंगावर कोट, हातात डब्याची मूठ. अर्ध्या तासात सगळ्या गल्लीसमोर एकाच रंगाची रांग उभी, मुठी रस्त्याकडे वळवून. आठवडाभरात शेजाऱ्यांशी जेवढं बोलणं होत नाही तेवढं त्या अर्ध्या तासात होतं. माझी निम्मी ओळख तिथलीच.

तुम्ही करायचं ते असं. पत्ता टाकून कौन्सिलच्या पानावरून वेळापत्रक काढा, कारण सुट्टीच्या आठवड्यात वार बदलतो. अन्नाच्या कचऱ्याचा छोटा डबा वेगळा, त्याचं झाकण खटका लावून बंद करा. नाही केलंत तर रात्री कोल्हा येतो. हो, कोल्हा. लंडनच्या उपनगरात तो गल्लीतल्या कुत्र्याइतका सर्रास दिसतो, तुमच्याकडे बघून हलतही नाही, आणि कोंबडीची हाडं ज्याच्या डब्यातली त्याच्याच दारात पसरून जातो. कागद-बाटल्यांच्या डब्यात तेलकट पिझ्झाचं खोकं टाकू नका. चुकीची वस्तू दिसली तर डबा न उचलता चिठ्ठी लावून जातात, आणि मग तो भरलेला डबा तुमच्या दारासमोर दिवसभर उभा असतो. कुणी काही म्हणत नाही. सगळे बघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी डबे आत घ्यायला विसरू नका. आम्ही एकदा आठवड्यासाठी गावाला गेलो आणि परत आलो तर आमचे डबे कुणीतरी आत ढकलून ठेवले होते, झाकणावर आमचं पत्र. कुणी ते आजतागायत कळलेलं नाही.

पाचवी पायरी: कुंपण, गवत आणि झेंडू

मागची बाग बघून आपण घर घेतो आणि जूनमध्ये लक्षात येतं की गवत वाढतं. दोन आठवडे लक्ष दिलं नाही तर गुडघ्यापर्यंत. कापायचं यंत्र रविवारी सकाळी नऊच्या आत चालवू नका. असा कायदा नाही, पण कायद्याहून जड आहे. पुढच्या अंगणात गवत ठेवायचं की गाडीसाठी फरशी घालायची हा तुमचा प्रश्न, पण दुसऱ्याच्या ड्राइव्हवेसमोर, फुटपाथ उतरता केलेला असतो तिथे, दोन मिनिटांसाठीही गाडी लावायची नाही. आपल्या पाहुण्यांकडून नव्व्याण्णव टक्के भांडणं इथेच होतात, म्हणून जेवायला बोलावताना जागाही सांगून ठेवा. स्टेशनजवळच्या काही गल्ल्यांत दिवसातला ठरावीक वेळ फक्त रहिवाशांच्या गाड्यांना मुभा असते, खांबावरची पाटी वाचा.

कुंपणाची फळी मागे दोन मीटरपर्यंत परवानगीशिवाय चालते, रस्त्यालगत मात्र एक मीटर. झाड तोडायच्या आधी थांबा. काही झाडांना कौन्सिलचं संरक्षण असतं, आणि हाय स्ट्रीट, मॉस लेन, वॅक्सवेल लेन अशा जतन केलेल्या भागांत साध्या झाडालाही कुऱ्हाड लावण्याआधी कौन्सिलला सहा आठवड्यांची सूचना द्यावी लागते. मार्च ते ऑगस्ट कुंपणाची झुडपं छाटताना आत घरटं नाही ना हे बघा. नांदतं घरटं मोडणं गुन्हा आहे.

आता झेंडू. दसऱ्याला दाराला तोरण स्वतःच्या बागेतल्या फुलांचं हवं, असं मी पहिल्या वर्षी ठरवलं. मेच्या मध्यानंतर, दहिवराची भीती गेल्यावर, चोवीस रोपं ओळीत लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर चोवीस काड्या. एक पान नाही. ओल्या मातीवर चांदीच्या रेघांसारखे चकचकीत माग. शंख नसलेल्या गोगलगाई रात्रीत येऊन पंगत उठवून गेल्या होत्या. झेंडू त्यांचं पक्वान्न आहे हे मला कुंपणावरून शेजारच्या बाईंनी सांगितलं आणि वर उपायही: वाटीत बिअर ओतून मातीत पुरून ठेवा, त्यात पडतात. नवरा दुकानात जाऊन गोगलगाईंसाठी बिअर घेऊन आला आणि म्हणाला, निदान चांगली तरी आणू देतेस का? उपाय निम्मा लागू पडला. आता मी झेंडू कुंड्यांत, उंचावर, ओट्यावर वाढवते आणि दसऱ्यापुरती फुलं निघतात. मेथी आणि कोथिंबीर मात्र जमिनीत छान येते. कढीपत्ता हिवाळ्यात बाहेर ठेवलात तर गेला म्हणून समजा, तो ऑक्टोबरपासून स्वयंपाकघराच्या खिडकीत पाहुणा म्हणून राहतो. जास्त हौस असेल तर कौन्सिलकडे ॲलॉटमेंटसाठी, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यासाठी, नाव घाला. पूर्ण तुकडा जुन्या मापाने दहा रॉड, म्हणजे अंदाजे अडीचशे चौरस मीटर असतो. दोघांना झेपत नाही, अर्धाच मागा.

सहावी पायरी: शेजाऱ्यांशी बोलणं

"यू ऑल राइट?" हा प्रश्न नाही. त्याला गुडघेदुखी सांगायची नाही, "ऑल राइट" म्हणून पुढे जायचं. हवामान हा वेळ काढायचा विषय नाही, तो इथला "जेवलात का?" आहे, त्याला उत्तर द्या. नवीन आल्यावर पहिल्या पंधरवड्यात दोन्ही बाजूंची आणि समोरची दारं वाजवून नाव सांगून या. डबा भरून काही नेलंत तर उत्तमच. मी बेसनाचे लाडू नेले होते, पण काजू आहेत हे आधी सांगितलं. आत बोलावलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. दारात दहा मिनिटं बोलणं हीच इथली भेट.

मला सगळ्यात अवघड गेलं ते नावाने हाक मारणं. शेजारच्या बाई ब्याऐंशीच्या, आणि त्यांना पहिल्या नावाने हाक मारायची? माझी जीभ रेटेना. "मिसेस अमुक" म्हटलं तर त्या हसून दुरुस्त करायच्या. आई आली तेव्हा तिने हा प्रश्न दोन मिनिटांत सोडवला. तिला इंग्रजी येत नाही, तिने सरळ "आजी" म्हणायला सुरुवात केली, स्वतः एकाहत्तरची असून. आता मुलंही त्यांना आजीच म्हणतात आणि त्या ओ देतात.

दिवाळीबद्दल. फटाके एरवी रात्री अकरापर्यंत, पण दिवाळीच्या रात्री कायद्याने एक वाजेपर्यंत उडवता येतात. हॅरोत गुजराती वस्ती मोठी, त्यामुळे कुणाला नवल वाटत नाही. तरी कायदा आहे म्हणून साडेबारापर्यंत उडवायचे असं नाही. आठवडाभर आधी दोन ओळींची चिठ्ठी लेटरबॉक्समधून टाका: अमक्या दिवशी, साधारण दहापर्यंत. कुत्री-मांजरं असलेले लोक त्या चिठ्ठीसाठी तुमचे जन्माचे ऋणी होतात.

सातवी पायरी: पायांनी ओळख करून घ्या

स्टेशनातून बाहेर पडून ब्रिज स्ट्रीट ओलांडा आणि हाय स्ट्रीट चढा. वर टोकाला चर्च. त्याच्या आवारात दगडी सुळक्याच्या मधोमध आरपार घुसवल्यासारखी एक शवपेटी दिसेल. उपनगरी बागा कशा लावाव्यात यावर भरपूर लिहिणाऱ्या जॉन क्लॉडियस लाउडनने आपल्या आईवडिलांसाठी बांधलेलं हे स्मारक. मुलांना हे दाखवा, ती चर्च विसरतात पण ही पेटी विसरत नाहीत. खाली स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला मेमोरियल पार्क, तळं, आणि तिथेच २०१६ पासून हीथ रॉबिन्सन संग्रहालय. हा चित्रकार दहा वर्षं पिनरमध्ये राहिला. एक अंडं फोडायला दोऱ्या, कप्प्या आणि तीन माणसं लागतील अशी यंत्रं तो काढायचा. आपण ज्याला जुगाड म्हणतो त्याला इंग्रज लोक अजून त्याचं नाव देतात. गायक एल्टन जॉनही इथलाच, १९४७ चा, पण त्याची फारशी चर्चा कुणी करत नाही. ते पिनरला साजेसंच.

लांब चालायचं असेल तर पिन नदीच्या काठाने जाणारी सेलंडाइन वाट धरा, ती कालव्यापर्यंत बारा मैल जाते. "नदी" ऐकून उल्हास नदी डोळ्यांसमोर आणू नका, पिन हा ओढा आहे. लांब उडी मारून ओलांडता येईल असा. पण पाऊस पडला की गमबूट लागतात.

आठवी पायरी: हिवाळ्याची तयारी

हे हलक्यात घेऊ नका, विशेषतः घरात दिवसभर एकटं कुणी राहणार असेल तर. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि सोमवारी मुलं शाळेतून आली की तासाभरात बाहेर अंधार. जूनमध्ये सव्वानऊपर्यंत उजेड असलेली तीच गल्ली ओळखू येत नाही. मी पहिला हिवाळा रडून काढला, लपवण्यासारखं त्यात काही नाही. दुसऱ्या वर्षी एक नियम केला: रोज दुपारी बाराला, पाऊस असो नसो, बाहेर. वाचनालय, बाजार, काहीही. आणि महिन्यातून एकदा मराठी कानावर पडेल अशी जागा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, डॉलिस हिलला आहे. पिनरहून वेम्ब्ली पार्कला बदलून ज्युबिली लाइनने दोन स्टेशनं. गणपतीत जा, पण फेब्रुवारीतही जा, खरी गरज तेव्हा असते. किराणा रेनर्स लेन, हॅरो, नाहीतर वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर सगळा मिळतो, अगदी अळूची पानंसुद्धा.

आईवडील येणार असतील तर शक्यतो मेच्या मध्यापासून बोलवा, आणि मुक्कामात मेअखेरच्या बँक हॉलिडेनंतरचा (सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीनंतरचा) बुधवार येईल असं बघा. त्या दिवशी पिनरची जत्रा असते. तिसऱ्या एडवर्ड राजाने १३३६ मध्ये दिलेल्या सनदेवर ती आजही भरते. हाय स्ट्रीट आणि ब्रिज स्ट्रीट बंद होतात, चर्चच्या पायथ्यापर्यंत पाळणे, नेमबाजीचे ठेले, भाजलेल्या साखरेचा वास आणि कान फुटतील एवढं संगीत. गाडी बाहेर काढायची असेल तर रस्ता कधी बंद होणार ते पाटीवर आधीच बघून ठेवा, बसचा मार्गही बदललेला असतो. लहान मुलांना सकाळी न्या, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

आईला आम्ही संध्याकाळीच नेलं. शेजारच्या आजीही सोबत होत्या, काठी टेकत. मोठ्या पाळण्याखाली दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या राहिल्या आणि आई माझ्या कानाशी ओरडून म्हणाली, "एवढी माणसं वर्षभर ठेवतात कुठे?"